१२० व्होल्टचा घरगुती हीटर-कंट्रोलर २३० व्होल्टवर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडच्या एका भाऊंनी केळीचे काप वाळवायला घरीच कपाटासारखा ड्रायर केला आहे. त्याचा कंट्रोल बॉक्स अमेरिकेतल्या भाच्याने तिकडच्या आराखड्यावरून १२० व्होल्टसाठी जोडून आणून दिला. त्यात डिजिटल तापमान कंट्रोलर, २५ अँपियरची एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच), कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) आणि पंखा आहे, आणि कपाटात १५०० वॅटचा फिन हीटर (पत्र्याच्या पात्या असलेली तापणारी नळी). आजवर सगळे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालले. आता ट्रान्सफॉर्मर जळाला आहे. नुसता हीटर आणि प्लग बदलून बॉक्स थेट घरच्या २३० व्होल्टवर लावला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

तेवढ्याने चालणार नाही. पण बॉक्स फेकून द्यायचीही गरज नाही. झाकण उघडा आणि एकेक भाग पाहून ठरवा, की हा भाग दोन वायरींच्या मध्ये बसला आहे, की हीटरकडे जाणाऱ्या करंटच्या वाटेत. दोन वायरींच्या मध्ये बसलेल्या भागावर पूर्ण व्होल्टेज येते. हीटर, कॉन्टॅक्टरची कॉइल, पंखा, कंट्रोलरचा सप्लाय, इंडिकेटर, एमओव्ही (अचानक चढलेले व्होल्टेज शोषणारा भाग) हे सगळे त्यात आले. ते २३० चे नसतील तर बदलायचेच. फ्यूज, स्विच, कॉन्टॅक्टरचे पॉइंट, एसएसआर आणि वायर हे वाटेत बसतात. तेवढ्याच वॅटला २३० वर करंट जवळपास निम्मा होतो, म्हणून जाडीची काळजी नाही. पण ते वाट तोडतात तेव्हा पूर्ण व्होल्टेज त्यांच्याच दोन टोकांवर येते, त्यामुळे त्यांच्यावर २५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त छापलेले हवे. प्रत्येक भागाचे नाव आणि त्यावरचा आकडा कागदावर उतरवून घ्या. ज्यावर काहीच छापलेले नाही तो १२० चा समजून बदला.

आधी हीटर, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथे होते. १२० व्होल्टच्या १५०० वॅट हीटरचा रेझिस्टन्स ९.६ ओहम असतो आणि तो साडेबारा अँपियर घेतो. तोच २३० वर लावला तर २४ अँपियर आणि साडेपाच हजार वॅट घेईल. व्होल्टेज दुप्पट झाले की उष्णता चौपट होते, आणि इथे आपण दुपटीच्या अगदी जवळ आहोत. यावर नेहमीचे उत्तर येते की कंट्रोलर चालू-बंद करतोच, तो हीटर पाव वेळ चालू ठेवेल आणि सरासरी तेवढीच पडेल. सरासरी पडते हे खरे. पण एसएसआर चालू असते तेवढ्या वेळात हीटरच्या तारेतून पूर्ण २४ अँपियर जातात. ती उष्णता नळीच्या पृष्ठभागावरून हवेत तितक्या वेगाने निघत नाही. तार लाल होते, तार आणि नळी यांच्यामधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड इन्सुलेशन सोडते आणि फेज थेट नळीवर येते. शिवाय कंट्रोलर चालू-बंद करीत राहील हे एसएसआर शाबूत असेपर्यंतच खरे. ती शॉर्ट झाली तर साडेपाच किलोवॅट प्लायवूडच्या कपाटात सतत चालू राहतील. डायोड लावून अर्धी लाट कापायची युक्तीही सांगितली जाते. तीही करू नका. अर्धी लाट कापूनही त्या हीटरवर पावणेतीन हजार वॅट पडतात, म्हणजे त्याच्या कुवतीच्या जवळपास दुप्पट.

घ्यायचा तो १५०० वॅटचाच, पण २३० किंवा २४० व्होल्टचा. दुकानात मल्टिमीटर लावूनच घ्या. थंड असताना २३० चा हीटर ३५ ओहमच्या आसपास दाखवतो, २४० चा ३८ च्या आसपास. दहाच्या आत आकडा आला तर लेबल काहीही असो, तो तुमच्या कामाचा नाही. दोन्ही मिळत असतील तर २४० चा घ्यावा. गावात मध्यरात्री व्होल्टेज २५० ला टेकते आणि मोटारी सुरू झाल्या की १८० वर बसते. २३० चा १५०० वॅट हीटर २५० वर १७७० वॅट देतो आणि १८० वर जेमतेम ९२०. २४० चा हीटर चढत्या व्होल्टेजला जास्त टिकतो. आणि संध्याकाळी काप वाळायला उशीर झाला तर आधी व्होल्टेज बघा, कंट्रोलरचे सेटिंग लगेच हलवू नका. जळगावात चटई आणि पाइपचे कारखाने आहेत, त्यांच्या एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनवर) हीटर, थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर), एसएसआर हाच माल लागतो, त्यामुळे यातले जवळपास सगळे तिथे मिळते.

जुन्यासारखाच आणखी एक १२० चा हीटर हाताशी असेल तर दोन सिरीजमध्ये लावता येतात. प्रत्येकावर ११५ व्होल्ट, प्रत्येकी १३८० वॅट, दोन्ही मिळून पावणेतीन किलोवॅट आणि १२ अँपियर. दोन्हींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा हवा, नाहीतर जास्त ओहमवाल्यावर जास्त व्होल्टेज जाते. तरी कपाट १५०० वॅटसाठी बनवलेले असताना मी हा मार्ग सुचवणार नाही. पंख्याची हवा तेवढीच राहते आणि हीटरजवळचे ट्रे करपतात.

आता अमेरिकन आराखड्याबद्दल दोन गोष्टी, ज्यांनी जीव जाऊ शकतो.

पहिली रंगांची. तिकडे काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी किंवा उघडी तार अर्थिंग. आपल्याकडे घरोघरच्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. काळ्याला काळी जोडून गावच्या वायरमनने प्लग बसवला की फेज आणि न्यूट्रल उलटले. ड्रायर चालतो, कोणाला काही कळत नाही. पण आता फ्यूज, स्विच आणि एसएसआर हे तिन्ही न्यूट्रलमध्ये गेलेले असतात. स्विच बंद केला तरी हीटरवर फेज तशीच उभी राहते. नवी कॉर्ड तपकिरी-निळी-हिरवी-पिवळी घ्या. तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. बॉक्समधल्या प्रत्येक जुन्या काळ्या वायरीच्या दोन्ही टोकांना लाल स्लीव्ह आणि पांढऱ्या वायरीला निळी स्लीव्ह चढवा. पुढे कोणी झाकण उघडले तर त्याची फसगत होता कामा नये.

दुसरी न्यूट्रलची. अमेरिकेतल्या घरात २४० व्होल्ट दोन फेजवायरींच्या मध्ये मिळतात. त्यातली प्रत्येक वायर जमिनीपेक्षा १२० वर असते आणि न्यूट्रल त्या दोघींच्या बरोबर मध्ये. म्हणून तिकडचे २४० चे आराखडे हीटर २४० वर घेतात, पण पंखा आणि कॉइल एक फेज आणि न्यूट्रल घेऊन १२० वरच ठेवतात. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्येच २३० असतात, मधली १२० ची जागा नसते. ती जागा अर्थिंगवरून घ्यायचा प्रयत्न केला तर पंखा जळतो आणि बॉक्सच्या पत्र्यावर करंट येतो. शेतातल्या थ्री-फेजवरून दोन फेज घेऊन हा ड्रायर कधीही लावू नका, तिथे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल आलेला नसताना जमिनीत ठोकलेल्या सळईवरून रिटर्न घेऊन दिवे लावायची सवय कित्येक मळ्यांत आहे. या ड्रायरला ती प्राणघातक आहे, कारण त्याच सळईला तुमचा पत्रा आणि ट्रेची चौकट जोडलेली असते.

बाकीचे भाग असे.

डिजिटल कंट्रोलरच्या बाजूचे लेबल वाचा. १०० ते २४० किंवा ८५ ते २७० व्होल्ट लिहिले असेल तर तो जसाच्या तसा चालतो. पण एसटीसी-१००० सारखे स्वस्त कंट्रोलर ११० आणि २२० असे वेगवेगळे मिळतात. बाहेरून दोन्ही हुबेहूब दिसतात, आत छोटा ट्रान्सफॉर्मर वेगळा असतो. ११० चा २३० वर लावला तर काही मिनिटांत ट्रान्सफॉर्मर जळून वास येतो. बॉक्समध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर असेल आणि त्याच्या प्रायमरीला ११५-११५ च्या दोन वाइंडिंग असतील तर १२० साठी त्या पॅरलल जोडलेल्या असतात, आपल्याला सिरीज हव्यात. पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचा. उलटी जोडली तर दोन्हींचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारते, ट्रान्सफॉर्मर नुसत्या तारेसारखा वागतो आणि फ्यूज उडतो. म्हणून पहिल्यांदा तो १०० वॅटच्या सिरीज बल्बमधूनच (फेजच्या वाटेत जोडलेल्या तारेच्या बल्बमधून) सुरू करा. बल्ब मंद किंवा विझलेला राहिला तर जोडणी बरोबर, पूर्ण पेटला तर उलट. फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तो ठेवू नका. एसएमपीएसवर (डीसी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सप्लायवर) ११५/२३० ची सरकपट्टी असेल तर प्लग लावण्याआधी ती २३० वर आणा. पट्टी नसेल आणि आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर २०० व्होल्ट लिहिले असेल तर तो सप्लाय बदला, कारण २३० रेक्टिफाय झाल्यावर ३२५ व्होल्ट डीसी होतात.

एमओव्ही म्हणजे बहुतेक निळी, दोन पायांची चकती. १२० च्या बॉक्समध्ये ती १४डी२०१ असते, तिची कायमची कुवत १३० व्होल्ट एसी. २३० वर ती त्याच क्षणी करंट ओढते, तडकते आणि आजूबाजूला काळी राख उडते. पुष्कळांना वाटते की बॉक्समध्ये शॉर्ट झाला. २७५ व्होल्टची १४डी४३१ पुस्तकाप्रमाणे चालते, पण आपल्याकडचे रात्रीचे व्होल्टेज पाहता ३२० व्होल्टची १४डी५११ लावावी. ती नेहमी फ्यूजच्या पुढे, म्हणजे लोडच्या बाजूला. एमओव्ही म्हातारी होऊन शॉर्ट झाली तर फ्यूज उडाला पाहिजे.

कॉन्टॅक्टरची १२० ची कॉइल आधी गुणगुणते आणि मग जळते. २३० व्होल्ट ५० हर्ट्झची कॉइल किंवा पूर्ण नवा कॉन्टॅक्टर घ्या. मोटारीसाठी ९ अँपियर लिहिलेला छोटा कॉन्टॅक्टर साडेसहा अँपियरच्या हीटरला पुरून उरतो. पंखाही २३० चा, आणि तो ड्रायरच्या गरम हवेत बसत असेल तर मोटर हवेच्या वाटेबाहेर असणारा. १२० चे दोन पंखे सिरीजमध्ये लावू नका. एक जाम झाला की दोघांमधले व्होल्टेज विषम वाटले जाते. निऑन इंडिकेटर सरळ २३० चा घ्या. फिरत्या बटणाचा टायमर ६० हर्ट्झच्या मोटरवर चालणारा असेल तर तोही बदला. ५० हर्ट्झवर तो एका तासाला ७२ मिनिटे लावतो.

कॅपॅसिटरबद्दल एक लक्षात ठेवा. मेनच्या दोन वायरींच्या मध्ये असलेल्या कॅपॅसिटरवर एक्स-२ (मेनवर लावायचा सुरक्षित वर्ग) आणि २७५ व्होल्ट एसी लिहिलेले हवे. नुसते "२५० व्होल्ट" लिहिलेला बहुधा डीसीचा असतो आणि तो फुटतो. बॉक्समधला लो-व्होल्टेज सप्लाय ट्रान्सफॉर्मरऐवजी कॅपॅसिटरने उतरवलेला असेल तर कॅपॅसिटर बदलायच्या भानगडीत पडू नका, तो सप्लायच काढून टाका. गणिताने तो २३० वर आणता येतो, पण त्यात मेन आणि सेन्सरमध्ये कसलेही इन्सुलेशन नसते. सेन्सरची वायर थेट मेनला जोडलेली असते, आणि ती वायर ओल्या ट्रेजवळून जाते.

एसएसआरच्या जागी घरी सोल्डर केलेला ट्रायॅकचा (एसएसआरच्या आतही असणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) बोर्ड असेल तर त्याचीही परीक्षा घ्यावी लागेल. १२० च्या बोर्डावर ४०० व्होल्टचा ट्रायॅक आणि त्याला इशारा देणारी चिप एमओसी ३०३१ किंवा ३०४१ असते, म्हणजे अनुक्रमे २५० किंवा ४०० व्होल्टची. आपल्याकडे लाटेचे टोकच ३२५ व्होल्ट, आणि ओव्हरव्होल्टेजला ३५० च्या पुढे. ट्रायॅक ८०० व्होल्टचा आणि एमओसी ३०६३ हवा, आणि गेटच्या वाटेतला १८० ओहमचा रेझिस्टर ३६० चा. पण मोठी अडचण बोर्डाचीच आहे. जनरल परपज बोर्डाच्या भोकांमध्ये अडीच मिमी अंतर असते. मेन आणि सेन्सरची बाजू यांच्यात किमान ८ मिमी मोकळी, स्वच्छ जागा हवी, आणि केळीचा चिकट वाफारा व धूळ बसणाऱ्या जागी तर जास्तच. मेनचा भाग या बोर्डावरून पूर्ण काढा आणि तयार एसएसआर लावा. ती स्वस्त पडते आणि आतून तपासलेली असते.

एसएसआरवर आउटपुटचा पल्ला वाचा. २४ ते ३८० किंवा ४८० व्होल्ट असेल तर ती राहू द्या. २३० वर करंट निम्मा झाल्याने तिची उष्णताही निम्मी होते. आधी पंधरा वॅट तापत होती, आता आठच्या आसपास तापेल. तरी हीट सिंक आणि थर्मल पेस्ट काढू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर, आणि बंद बॉक्समध्ये ६०. तिथे २५ अँपियरची एसएसआर बारा-पंधरा अँपियरचीच समजावी. बाजारात नकली एसएसआर पुष्कळ आहेत, वर २५ आणि आत त्याच्या निम्म्याचा ट्रायॅक. साडेसहा अँपियरला ४० ची घेतली तरी पैसे वाया जात नाहीत.

फ्यूज काचेचा आणि १२५ व्होल्टचा असेल तर तो काढा. मोठ्या शॉर्टला काचेच्या फ्यूजमध्ये ठिणगी तुटत नाही, काच फुटते. २५० व्होल्टचा सिरॅमिक फ्यूज, हीटरसाठी १० अँपियर, कंट्रोलच्या वायरीसाठी वेगळा १ अँपियर. बॉक्सवर असलेला अमेरिकन सॉकेट काढूनच टाका. तो २३० वर जिवंत राहिला तर कोणीतरी त्यात १२० ची वस्तू लावेल. तिकडचा टेस्ट-रिसेट बटणांचा जीएफसीआय (करंट गळला की तोडणारा) सॉकेटही इथे निरुपयोगी आहे. मेन कॉर्ड २.५ चौ. मिमीची, तीन वायरींची, १६ अँपियरच्या प्लगसह. करंट साडेसहाच आहे, पण घरातला एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) १६ किंवा २० चा असतो आणि कॉर्डचे रक्षण तोच करतो.

हीटरच्या टोकाशी पीव्हीसी वायर नेऊ नका. शेवटचा फूटभर फायबरग्लास किंवा सिलिकॉन वायर, पोर्सेलिनचा कनेक्टर आणि क्रिम्प केलेली थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले तांब्याचे टोक). सोल्डर तिथे वितळते. ढिल्या थिंबलची खूण ओळखायला शिका. तिच्या जवळची वायर आधी चमक सोडते, मग इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक पडते, बोटाने वाकवले तर भेगाळते, आणि थिंबलचे तांबे निळसर-जांभळे दिसते. एवढे दिसले तर नुसते आवळून भागत नाही. वायर तेवढी कापून नवी थिंबल लावायची.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. व्होल्टेज वाढवताना लोक भाग बदलतात, पण हीटर अडकून चालू राहिला तर काय, हे बघत नाहीत. एसएसआर बिघडते ती बहुतेक शॉर्ट होऊन, वाट तुटून नाही. म्हणजे कंट्रोलरचा दिवा विझलेला आणि हीटर चालूच. सेन्सर ट्रेच्या धक्क्याने भोकातून बाहेर आला तर तो शेडची हवा मोजतो, कंट्रोलरला ६० अंश कधीच दिसत नाहीत आणि तो हीटर चालूच ठेवतो. थर्मोकपलच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर हीटर तापेल तसा आकडा खाली उतरतो. या तिन्ही वेळी कंट्रोलर आपल्या समजुतीप्रमाणे बरोबरच काम करत असतो. कंट्रोलरच्या अलार्म रिलेवरही यासाठी विसंबू नका, तो त्याच सेन्सरचे ऐकतो.

म्हणून वेगळा, स्वतःच्या अंगाने तापमान जाणणारा, हाताने रिसेट करायचा बायमेटल थर्मोस्टॅट लावा. काप ५५ ते ६० अंशांवर वाळतात, तर हा ८५ ते ९० चा. जागा हीटरच्या वर, अशा ठिकाणी की पंखा थांबला तर उष्णता तिथेच साठेल. त्याचे पॉइंट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत टाका. फेज एमसीबीतून १ अँपियरच्या फ्यूजमध्ये, तिथून थर्मोस्टॅट, मग चालू-बंद स्विच, मग कॉइल, आणि कॉइलचे दुसरे टोक न्यूट्रलला. कॉन्टॅक्टरच्या दोन पॉइंटमधून फेज आणि न्यूट्रल दोन्ही हीटरकडे न्या, एसएसआर त्याच्या पुढे फेजमध्ये. पंख्याची वायर मात्र कॉन्टॅक्टरच्या आधी घ्या. थर्मोस्टॅटने हीटर तोडला तरी पंखा फिरत राहून कपाट थंड झाले पाहिजे. रात्री शेडमध्ये कोणी नसते आणि लाइट जाते-येते. तिथे साध्या स्विचऐवजी कॉन्टॅक्टरला पुश बटण आणि होल्डिंग पॉइंट (बटण सोडल्यावरही कॉइल धरून ठेवणारा) लावावा. लाइट आल्यावर हीटर आपोआप सुरू होणार नाही. काप थोडे मऊ राहतील, पुन्हा वाळवता येतात.

बॉक्सच्या तोंडाशी १० अँपियरचा डबल-पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच). डबल-पोल यासाठी की आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणे सर्रास आहे. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर अर्थिंगचे मोठे भोक वर, फेज उजव्या हाताला हवी. आरसीसीबीवर पैसे वाचवू नका, आणि खान्देशात याचे खास कारण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थचा रेझिस्टन्स २० ओहमवर जायला वेळ लागत नाही. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. एवढ्याने १० अँपियरचा एमसीबी लगेच पडत नाही, आणि तोवर ट्रेच्या चौकटीवर करंट उभा राहतो. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपियरला पडते. खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून पाणी ओतत जा. बॉक्समध्ये अर्थिंगचा बोल्ट वेगळा, तिथला रंग खरवडलेला, दातेरी वॉशर घातलेला, आणि त्यावरून बॉक्सचा पत्रा, दार, हीट सिंक, हीटरची फ्लँज आणि ट्रेची चौकट या प्रत्येकाला वेगळी वायर. दाराच्या बिजागरीवर अर्थिंगसाठी विसंबू नये.

चाचणी घाई न करता, या क्रमाने. प्लग काढलेला, एमसीबी चालू. प्लगच्या अर्थ पिनेपासून प्रत्येक धातूच्या भागापर्यंत मल्टिमीटर अर्धा ओहमच्या आत दाखवला पाहिजे. फेज पिन ते अर्थ आणि न्यूट्रल पिन ते अर्थ मात्र काहीच जोड नको. ही मोजमापे कॉन्टॅक्टर हाताने दाबूनही करा, म्हणजे त्याच्या पुढचा भागही तपासला जातो. मग हीटरच्या वायरी सोडा आणि बॉक्स सिरीज बल्बमधून सुरू करा. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट किंवा १२० चा भाग राहिला आहे. तिथेच थांबा. बल्ब मंद राहिला तर बॉक्स थेट सॉकेटवर घ्या आणि हीटरच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावा. कंट्रोलर मागेल तेव्हा तो पेटला पाहिजे, नाही मागितले तर विझला पाहिजे. एसएसआर बंद असतानाही काही मिलिअँपियर गळतात, टेस्टर पेटतो. म्हणून तिला बंद स्विच कधीच समजू नका, हात लावण्याआधी प्लग काढा.

बल्बवरच बिघाड करून बघा. सेन्सरची एक वायर सोडली तर कंट्रोलरने त्रुटी दाखवून आउटपुट तोडले पाहिजे. मग प्लग काढून एसएसआरच्या आउटपुटचे दोन टर्मिनल जाड वायरने जोडा, म्हणजे शॉर्ट झालेली एसएसआर. पुन्हा सुरू करून थर्मोस्टॅटला हॉट एअर गनने तापवा. कॉन्टॅक्टर खट्ट करून सुटला आणि बल्ब विझला, तर तुमची साखळी खरी. सुटला नाही तर हीटर जोडायचा नाही. चाचणी झाली की ती जोडलेली वायर काढल्याची खात्री करा.

शेवटी हीटर. क्लॅम्प मीटर फेजच्या एकाच वायरीभोवती धरा, साडेसहाच्या आसपास अँपियर दिसले पाहिजेत. १२ च्या वर दिसले तर लगेच बंद, हीटर चुकीचा आहे. रिकाम्या कपाटात अर्धा तास चालवा, एमसीबी पाडा, प्लग काढा आणि मग टर्मिनल हाताला कोमट लागतात की चटका बसतो ते बघा. एक टर्मिनल बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो ढिला आहे. कंट्रोलरमध्ये सायकल टाइम (एका चालू-बंद फेरीचा वेळ) एसएसआरसाठी दोन सेकंद ठेवा आणि ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःच सेटिंग शोधणे) कपाटात ओले काप भरलेले असताना करा. रिकाम्या कपाटावर केलेले ट्यूनिंग भरल्यावर चुकते.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना आरसीसीबी पडली तर तिला वगळून चालवू नका. हीटरच्या नळीतली पूड ओलावा ओढते. हीटर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) टर्मिनल आणि नळी यांच्यात मोजा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर हीटर काढून १०० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा चढला तर तो ओलावा होता. चढला नाही तर हीटर बदला. घरातल्या बोर्डापासून शेडपर्यंतची लाइन मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच ओढून घ्या, आणि बॉक्सच्या झाकणावर ठळक लिहून ठेवा: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, हीटर १५०० वॅट, फ्यूज १० अँपियर. जुना १२० चा हीटर शेडमध्ये सुटा ठेवू नका, त्याची वायर कापून टाका.